जखम भरली, पण वेदना का थांबत नाही?

वाचकहो, उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांचे चित्र बदलते. कोयत्याने कापलेली बोटे, मोळी उचलताना धरलेली कंबर, रात्रीच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेले मोटारसायकलस्वार असे रुग्ण रोज येऊ लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशी साखर कारखान्यांची रांगच आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आहे. शिवाय घरोघरी दुभती जनावरे असल्यामुळे कडबाकुट्टीच्या यंत्रात हात जाण्याचे प्रकार बारा महिने घडतात.

अशा अपघातात सगळे घर धावते. टाके पडतात, पट्ट्या होतात, नातेवाईक भेटून जातात. महिना-दोन महिन्यांत जखम भरते आणि सर्वांना वाटते, झाले, माणूस बरा झाला. पण काही रुग्णांचे खरे दुखणे त्यानंतरच सुरू होते. हात बाहेरून चांगला दिसतो, पण आतून जळत असतो. एक्स-रे साफ, रक्ताच्या तपासण्या साफ, आणि रुग्ण मात्र रात्र-रात्र जागा. अशा वेदनेकडे घरच्यांचे दुर्लक्ष होते आणि, सांगायला वाईट वाटते, आम्हा डॉक्टरांचेही होते. आजचा लेख या वेदनेविषयी आहे. मी विशेषज्ञ नाही, बारामतीत दवाखाना चालवणारा आणि आठवड्यातून एक दिवस इंदापूरला जाणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण या विषयात माझ्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीने मला बरेच शिकवले. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझी एक चूक

१९९८ सालची गोष्ट. दवाखाना सुरू करून मला चारच वर्षे झाली होती. बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेच्या एका वस्तीवरील पस्तिशीच्या बाई माझ्याकडे आल्या. चार महिन्यांपूर्वी कडबाकुट्टीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. जखम उत्तम भरली होती. पण त्या हाताला ओले फडके गुंडाळून आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हात लई जळतोय. पदर लागला तरी सहन होत नाही. बांगडी घालता येत नाही. आणि जी बोटं तुटली, तीच जास्त दुखतात."

मी हात पाहिला. सूज नाही, पू नाही. एक्स-रे काढला, हाडात दोष नाही. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्यांनी गुण आला नाही. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी म्हणालो, "ताई, हाताला आता काही झालेले नाही. जी बोटे नाहीतच, ती दुखतील कशी? मनावर घेऊ नका, कामात लक्ष घाला." सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. त्यांनी सुनेकडे असे पाहिले, की मला ती नजर आजही आठवते. बाई पुन्हा आल्या नाहीत.

२००७ साली त्या मुलीच्या बाळंतपणानंतर नातवाला लस द्यायला आल्या. डावा हात पदराखाली होता. मी सहज विचारले, "हात कसा आहे?" त्या म्हणाल्या, "जळतोयच की. पण तुम्ही म्हणाला होता काही झालं नाही, म्हणून मग कुणाला सांगितलंच नाही."

नऊ वर्षे! माझ्या एका वाक्यामुळे त्या माउलीने नऊ वर्षे तोंड मिटून वेदना सोसली. घरात कामचुकार म्हणून बोलणी खाल्ली, देवऋषी झाले, गंडेदोरे झाले. वेदना मात्र खरी होती. मला ती ओळखता आली नव्हती.

शीर म्हणजे कोणती?

आपल्या बोलण्यात 'शीर' हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतात आणि मज्जातंतूलाही. "शीर दबली", "शीर आखडली" असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा मज्जातंतूविषयी बोलत असतो. मज्जातंतू म्हणजे शरीरातील विजेच्या तारा. त्वचेवरील स्पर्श, उष्णता आणि दुखापत यांच्या बातम्या त्यांच्यातून मणक्यातील मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे जातात. मेंदूचे हुकूम याच मार्गाने स्नायूंकडे येतात.

साधी वेदना ही वस्तीवरच्या राखणीच्या कुत्र्यासारखी असते. चोर आला की ते भुंकते, मालकाला उठवते. काटा रुतला, चटका बसला की वेदना आपल्याला सावध करते. ही वेदना उपकारकच आहे. ती नसेल तर काय होते, हे कुष्ठरोगात दिसते. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. रुग्णाला चुलीवरचे गरम भांडे कळत नाही, पायातला खिळा कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटे झिजतात. वेल्लोर येथे काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला दाखवून दिले.

मज्जातंतूच्या वेदनेत याच्या उलट होते. चोर कधीच निघून गेला, तरी कुत्रे भुंकतच राहते. पुढे पुढे पानाची सळसळ झाली तरी भुंकते. इजेने तार स्वतःच बिघडलेली असते. तुटलेल्या मज्जातंतूचे टोक वाढू पाहते, पण पुढची वाट सापडली नाही, तर तंतूंचा गुंता होऊन तिथे बारीक गाठ बनते. त्या गाठीला नुसता धक्का लागला तरी करंट बसतो. शिवाय सतत खोट्या बातम्या येत राहिल्यामुळे मज्जारज्जू आणि मेंदू हळवे होतात. मग पदराचा स्पर्श, पंख्याचा वारा, थंड पाणी याही गोष्टी वेदना म्हणून जाणवतात. बाईंचा पदर त्यांना का सहन होत नव्हता, त्याचे उत्तर हे आहे.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, मज्जातंतू दिसत नाहीत. मज्जातंतूंचा वेग मोजणारी 'एन.सी.व्ही.' नावाची तपासणी असते. पण ती मुख्यतः जाड तंतूंची असते. वेदना वाहून नेणारे तंतू बारीक असतात. म्हणून तपासणी चांगली आली, याचा अर्थ रुग्ण खोटे बोलतो असा मुळीच होत नाही.

नसलेले बोट दुखते कसे?

हे कोडे जुने आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेव्हा फिलाडेल्फिया येथील डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी बंदुकीच्या गोळीने मज्जातंतू दुखावलेल्या शेकडो सैनिकांवर उपचार केले. हात-पाय कापलेल्या सैनिकांना तो नसलेला अवयव जाणवतो आणि दुखतो, असे त्यांनी नोंदवले. इतर काही सैनिकांच्या हाताची अशी आग होई, की ते सतत ओले फडके गुंडाळून ठेवत. वाचकहो, हे वाचले तेव्हा मला माझ्यासमोर बसलेल्या बाई आठवल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले लक्षण माझ्या टेबलासमोर होते आणि मी त्याला मनाचा खेळ म्हटले होते.

मेंदूमध्ये शरीराच्या प्रत्येक भागाची जागा ठरलेली आहे, जसा तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो. बोट गेले तरी मेंदूच्या नकाशावरून ते पुसले जात नाही. तुटलेल्या मज्जातंतूकडून वेड्यावाकड्या बातम्या येत राहिल्या, की मेंदू त्या त्याच बोटाच्या नावावर मांडतो.

आपल्याच देशात, चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यास यावर एक साधा उपाय सुचवला. त्यासाठी लागतो फक्त आरसा. त्याची कृती पुढे दिली आहे.

ही वेदना ओळखावी कशी?

फ्रान्समधील तज्ज्ञांनी २००५ साली यासाठी दहा मुद्द्यांची एक प्रश्नावली तयार केली. त्यांतील सात प्रश्न रुग्णाला विचारायचे आहेत आणि तीन गोष्टी डॉक्टरांनी तपासून पाहायच्या आहेत. सात प्रश्न आपल्या भाषेत असे:

१) दुखते तिथे आग किंवा भगभग होते का?
२) बर्फ लावल्यासारखी दुखरी थंडी वाजते का?
३) करंट लागल्यासारखे झटके किंवा चमका येतात का?
४) झिणझिण्या येतात का?
५) सुया टोचल्यासारखे वाटते का?
६) तो भाग बधिर वाटतो का?
७) तिथे खाज येते का?

याशिवाय तिथे स्पर्श कमी कळतो का, टोचलेले कमी कळते का, आणि कापूस किंवा मऊ ब्रश फिरवला तरी दुखते का, हे डॉक्टर पाहतात. दहापैकी चार किंवा अधिक उत्तरे 'होय' आली, तर वेदना मज्जातंतूची असण्याचा संभव मोठा असतो. एकाच जागी बधिरपणाही आहे आणि आगही आहे, असे रुग्ण सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते विसंगत वाटते. पण या आजाराची तीच तर खूण आहे.

इजेनंतर तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. पण उपचारासाठी तीन महिने थांबू नये. जितके लवकर, तितके चांगले.

औषधे कोणती आणि किती उपयोगी?

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या सूज कमी करून वेदना कमी करतात. मज्जातंतूच्या वेदनेत सूज हे मूळ कारण नसते, म्हणून त्यांचा उपयोग थोडा होतो. गुण येत नाही म्हणून मेडिकलमधून आणून त्या महिनोन्‌महिने खाणारे रुग्ण मी पाहिले आहेत. वेदना तशीच राहते आणि वर पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास पदरात पडतो.

या वेदनेची औषधे वेगळी आहेत. ॲमिट्रिप्टिलीन व ड्युलॉक्सेटीन ही मूळची उदासीनतेवरील औषधे आहेत. गाबापेंटिन हे मूळचे फिट्सवरील औषध, आणि प्रिगाबालिन त्याच जातीचे आहे. चिठ्ठीवर ही नावे पाहून किंवा दुकानदाराने सांगितल्यावर रुग्ण घाबरतात, "डॉक्टरांनी मला वेड्याची गोळी दिली" असे म्हणतात. तसे नाही. ही औषधे मज्जातंतूंतील अवाजवी धावपळ शांत करतात, म्हणून ती इथे वापरली जातात.

त्यांच्याविषयी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, गुण सावकाश येतो. अल्प मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवावी लागते. दोन-चार आठवडे काहीच फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी गोष्ट, सुरुवातीला झोप, चक्कर, तोंडाला कोरड असे त्रास होतात. त्या दिवसांत मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये आणि कडबाकुट्टीजवळ तर जाऊच नये. काचबिंदू, लघवी अडकणे, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. ही औषधे घेताना दारू घेऊ नये.

तिसरी गोष्ट, ती मनाने सुरू करू नयेत, वाढवू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत. प्रिगाबालिनची सवय लागू शकते, म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

चौथी गोष्ट, अपेक्षा वाजवी ठेवाव्यात. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१५ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात जे निष्कर्ष आले, त्यांनुसार ॲमिट्रिप्टिलीनच्या गटातील औषधे घेणाऱ्या साधारण चारांपैकी एकाला त्या औषधामुळे चांगला आराम मिळतो. प्रिगाबालिन आणि गाबापेंटिनच्या बाबतीत हे प्रमाण सात-आठ जणांत एक असे आहे. म्हणजे एका औषधाने गुण आला नाही, तर निराश न होता दुसरे करून पाहावे लागते.

मिरचीतील तिखटाचा जो घटक आहे, त्याचे म्हणजे कॅप्सायसिनचे मलमही यात वापरतात. पण म्हणून कुणी घरी मिरची वाटून चोळू नये, त्वचा भाजेल. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर त्याच्या इंजेक्शनांचा उपयोग जरूर होतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि दूधदुभतेही न खाणारे शाकाहारी यांनी ते तपासून घ्यावे. कमतरता नसताना "शिरेला ताकद" म्हणून दर आठवड्याला इंजेक्शन घेण्याने तुटलेली शीर जुळत नाही. बिननावाच्या पुड्या तर टाळाव्यातच, काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते.

घरी करायचे उपचार

औषधाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे काम रुग्णाने स्वतः करायचे आहे. कोपर आपटले की आपण नकळत ते चोळतो आणि बरे वाटते. यामागचे कारण मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. मज्जारज्जूमध्ये जणू एक दार असते. आपल्याकडे नीरा डाव्या कालव्याच्या चारीला असते, तसे समजा. साध्या स्पर्शाच्या बातम्या भरपूर आल्या, की वेदनेचे दार काही अंशी बंद होते. हे दार आपण सरावाने वापरू शकतो.

स्पर्शाचा सराव. जखम पूर्ण भरल्यावरच हा सराव करावा. प्रथम कापूस, मग जुन्या लुगड्याचे मऊ कापड, मग पंचा, शेवटी खरखरीत टॉवेल, असे दुखऱ्या भागावर हलके फिरवावे. एकेका वेळी पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. एका कापडाची सवय झाली की पुढचे घ्यावे. हातासाठी परातीत तांदूळ किंवा बाजरी घेऊन त्यात हात घालून बोटे हलवावीत. पहिले काही दिवस त्रास होतो, पण मेंदूला हळूहळू कळते की हा स्पर्श शत्रूचा नाही.

आरशाचा सराव. टेबलावर किंवा मांडीवर आरसा उभा धरावा. दुखरा किंवा तुटलेला हात आरशाच्या मागे, चांगला हात पुढे. आरशात पाहून चांगल्या हाताची बोटे सावकाश उघडावीत, मिटावीत. मेंदूला दोन्ही हात चांगले असल्याचा भास होतो. रोज पंधरा मिनिटे, निदान महिनाभर करावे. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण खर्च काही नाही. चक्कर आली किंवा वेदना वाढली तर थांबावे.

कामाची मोजणी. आज बरे वाटते म्हणून दिवसभर खुरपायचे आणि मग तीन दिवस अंथरूण धरायचे, ही चूक बहुतेक रुग्ण करतात. त्याऐवजी घड्याळ लावून काम करावे. वीस मिनिटे सोसत असेल, तर पंधरा मिनिटे करून थांबावे. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवावीत. दुखरा हात झोळीत बांधून ठेवू नये. न वापरलेला हात आखडतो आणि अधिक दुखतो.

झोप आणि व्यसन. रात्री झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना वाढते. संध्याकाळनंतर चहा बंद करावा. बिडी, तंबाखू, मिसरी यांतील निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि मज्जातंतूला रक्त कमी मिळते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी.

किती दिवस लागतील?

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. शिवलेला किंवा दबलेला मज्जातंतू पुन्हा वाढू लागला, तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक इंच. मनगटापाशी इजा झाली असेल तर बोटांच्या टोकापर्यंत पोचायला सहा-सात महिने लागतात. इजेच्या जागेवरून खाली हलक्या बोटाने टिचक्या मारत गेल्यास एका जागी झिणझिण्या उठतात. ही जागा महिन्यागणिक पुढे सरकत असेल तर मज्जातंतू वाढतो आहे, असे समजावे. म्हणजे काही झिणझिण्या या चांगली बातमी असतात. हे लक्षण १९१५ साली फ्रान्सचे टिनेल आणि जर्मनीचे हॉफमन यांनी स्वतंत्रपणे सांगितले.

अपघात झाला त्याच दिवशी

कापल्यानंतर बोट बधिर वाटत असेल किंवा हलत नसेल, तर नुसते वरचे टाके पुरत नाहीत, मज्जातंतू तुटलेला असू शकतो. तो लवकर, शक्य तर पहिल्या काही दिवसांत शिवला तर निकाल चांगला लागतो. म्हणून बधिरपणा डॉक्टरांना आपणहून सांगावा. बोट तुटून वेगळे झाले असेल, तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये. जखमेवर हळद, चुना, माती लावू नये. मोटारसायकलवरून खांद्यावर पडल्यावर हात लुळा पडला, तर मानेतून हाताला जाणाऱ्या मज्जातंतूंची जुडी ताणली किंवा तुटली असण्याची शक्यता असते. अशा रुग्णाला घरी शेकत बसू नये.

ताबडतोब दाखवावे असे काही

हाताला किंवा पायाला सूज, रंगात बदल, कधी गरम कधी गार पडणे, वेगळा घाम आणि इजेच्या मानाने फार जास्त वेदना असे दिसले, तर उशीर करू नये. हा एक वेगळा गुंतागुंतीचा आजार असतो आणि लवकर हालचाल सुरू केली तर आटोक्यात येतो. अवयवातील ताकद कमी होत जाणे, पू किंवा ताप येणे, कंबरेच्या दुखण्यात लघवी-शौचाचा ताबा जाणे, ही तातडीची लक्षणे आहेत.

सततच्या वेदनेने जीव नकोसा होतो, हे मी पाहिले आहे. असे विचार येत असतील तर लपवू नका. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ सालापासून चालू आहे. तो विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

उपचारांसाठी प्रत्येक वेळी पुणे-मुंबई गाठायला हवे असे नाही. बारामती आणि इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. गरज पडल्यास पुढे पुण्याचे ससून आहे. पहिली पायरी मात्र तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचीच. त्यांना 'दुखते' एवढेच न सांगता कसे दुखते ते सांगा. वरील सात प्रश्न कापून जवळ ठेवा.

घरच्यांसाठी दोन शब्द

"हात तर चांगला दिसतोय" हे वाक्य रुग्णासमोर बोलू नका. दाताचे दुखणेही बाहेरून दिसत नाही. रुग्णाला सगळ्या कामांतून बाजूला बसवणेही बरोबर नाही. त्याला जमेल ते काम द्या आणि जमले की तसे म्हणा.

बाबा आमटे यांना मणक्याच्या आजारामुळे बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच त्यांना जमे. त्यांचे दुखणे अपघातानंतरचे नव्हते, पण ते वर्षानुवर्षांचे होते. तरी १९८५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते 'भारत जोडो' अभियान घेऊन कन्याकुमारीहून निघाले. हे उदाहरण मी रुग्णांना टोमणा म्हणून देत नाही, तुम्हीही देऊ नका. बाबांनी आपल्या शरीराची मर्यादा मान्य केली, तिच्याप्रमाणे कामाची पद्धत बदलली, आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांनी ती मर्यादा खरी मानली. घेण्यासारखे आहे ते हे.

आता त्या बाईंविषयी. २००७ साली मी प्रथम त्यांची माफी मागितली. नंतर रात्रीची अल्प मात्रेची गोळी, कापडांचा आणि बाजरीच्या परातीचा सराव, आरसा असे सुरू केले. सासूबाईंना बोलावून सगळे समजावले. म्हातारी बराच वेळ गप्प बसली, मग सुनेचा हात हातात घेऊन तिने विचारले, "इथं लावला तर चालंल का?" चौथ्या महिन्यात बाई पूर्ण रात्र झोपू लागल्या. वर्षाच्या शेवटी त्या हाताने म्हशीची धार काढू लागल्या. वेदना शून्य झाली नाही. थंडीत आजही चमका येतात, पण त्या सांगतात, "येतात आन्‌ जातात."

पूर्ण बरे होणे प्रत्येकाच्या नशिबी असेलच असे नाही. पण झोप परत येणे, हात कामाला लागणे आणि आपले दुखणे घरात खरे मानले जाणे, हेसुद्धा बरे होणेच आहे. तुमच्या घरात, शेजारी, टोळीत कुणी जखम भरल्यावरही हात गुंडाळून बसत असेल, तर त्याला एकदा विचारा, "कसं दुखतं?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

(लेखातील औषधे माहितीसाठी दिली आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.)